सासूबाईंचं मत आणि मामाजींचा बुधवार

आमच्या गावच्या शाळेत मतदानाची रांग लागली की बायांच्या तोंडाला दम नसतो. कापूस वेचायचे दिवस असले तर बाया कमरेला फडकं बांधूनच येतात, मत देतात आणि तिथूनच परभारे वावरात जातात. मागे एकदा मी रांगेत उभ्या उभ्या सहज विचारलं, "कायले येता वो बायांनो एवढ्या घाईत? अर्धी सकाळ जाते."

माझ्या पुढची म्हणाली, "काकी, नवरा घरून सांगून धाडते, अमक्याले दे. मी हो म्हनते. अन् आत जाऊन माह्या मनाचं करते. तेवढी एकच जागा हाय जथी तो मांगं मांगं येत नाही."

दुसरी म्हणाली, "मी येते कारन नाही आली त लोक म्हनतीन, थे गेली वाटते."

तिसरी म्हणाली, "सगळ्याच येऊन राह्यल्या म्हनून मी आली. घरी एकटी बसून काय करू?"

सगळ्या हसल्या. माझ्या सासूबाई रांगेत अगदी पुढे, काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मागे वळून म्हणाल्या, "गप वो. देवळात असं बोलता का तुमी?"

असं हे त्यांचं. मला लग्न होऊन या घरात यायला पन्नासच्या आसपास वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत त्यांचं एकही मत चुकलेलं मी पाहिलं नाही. सरपंचाचं असो की दिल्लीचं, त्यांना सारखंच. आता त्या पंच्याऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. डोकं लख्ख आहे, पण गुडघे पार गेले. ओसरीतून अंगणात उतरायचं तरी आधी देवाचं नाव घ्यावं लागतं.

तर या विधानसभेच्या वेळी अंगणवाडीच्या मॅडम घरी आल्या. मतदार याद्यांचं काम त्यांच्याकडेच आहे. म्हणाल्या, "आजी, तुमच्या वयाच्या लोकांना आता घरून मत देता येतं. साहेब लोक घरी येतात, कागद देतात, तुम्ही खूण करायची. फक्त एक लक्षात ठेवा, घरून देतो म्हटलं की मग शाळेत जाऊन देता येत नाही."

सासूबाईंनी डोळे मोठे केले. "म्हंजे सरकार माह्या ओसरीत येते?"

"हो, असंच समजा."

"येऊ दे मंग," त्या म्हणाल्या आणि ऐटीत सही केली. सही त्या करतात, चार अक्षरांना चार श्वास लागतात पण करतात. पुढचे चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, की आता मी सरकारकडे जात नाही, सरकार माझ्याकडे येते. एकीने टोमणाही मारला, "मंग पाहुण्याईले काय करता, पुरनपोळी?" त्यावर म्हणाल्या, "करीन. तुले नाही बलावनार."

तेवढ्यात आली भाऊबीज. सासूबाईंचं माहेर पुसदकडे. तिथे त्यांचे धाकटे भाऊ आहेत, आमचे मामाजी. धाकटे म्हणजे तेही ऐंशीच्या पुढचे. दरवर्षी त्यांचा मुलगा त्याची पिकअप गाडी घेऊन येतो आणि आत्याला पुढच्या सीटवर बसवून घेऊन जातो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. म्हटलं, "आत्याबाई, सोमवारी साहेब येनार हाय असं मॅडम सांगून गेल्या. रविवारपर्यंत परत या."

"येते वो. मले का तती राह्याचं हाय?"

आता माहेरी गेलेली बाई वेळेवर परत आली, असं कधी झालंय का? रविवारी दुपारी फोन आला. मामाजींनी वावरात रोडग्यांचा बेत केलाय म्हणे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. आता सांगा, कोण येतं? मी फोनवर ओरडले, "आत्याबाई, उद्या साहेब!"

"मॅडम म्हने, थे दोनदा येते. पाहुना दारातून परत गेला त आपन पुन्हा बलावतो का नाही? येतीन पुन्हा."

सोमवारी साहेब आले. दोघे कागदवाले, एक पोलीस, एक शूटिंगवाला आणि आमच्या मॅडम. आमच्या ओसरीत पाच माणसं, आणि ज्यांच्यासाठी आली त्या रोडगे खाऊन मामाजींच्या खाटेवर. साहेब तरुण होता, चांगला बोलला. म्हणाला, "काकू, आम्ही बुधवारी दुपारी पुन्हा येतो. तेव्हाही आजी नसल्या तर आम्हाला 'भेटल्या नाहीत' असं लिहून द्यावं लागेल. मग काही करता येत नाही."

"मग शाळेत..."

"नाही काकू. शाळेतल्या यादीत त्यांच्या नावापुढे खूण झाली आहे. तिथे नाही देता येणार."

ते गेले आणि मी हिशेब केला. म्हणजे बुधवार चुकला तर इकडचंही गेलं आणि तिकडचंही. ज्या बाईने एक मत चुकवलं नाही, तिचं मत आता रोडग्यांपायी जाणार. आणि त्या काय बोलतील? काही बोलणार नाहीत, हेच मला जास्त वाटत होतं. त्या बोलल्या नाहीत की घर जड होतं.

मामाजींना फोन लावला. मुलाची गाडी कापूस घेऊन जिनिंगला गेलेली, मंगळवारी अंधार पडल्यावर येणार. म्हणजे बुधवारी सकाळीच निघता येणार. सासूबाईंना एकटं कसं आणायचं, म्हणून मंगळवारी मीच निघाले. बाभुळगावहून यवतमाळ, यवतमाळहून पुसद, तिथून काळीपिवळी जीप. पोचले तर दिवस कलला होता. दारातच मामाजी खाटेवर बसलेले. मी पाया पडले आणि सांगितलं, "मामाजी, उद्या सकाळी आत्याबाईले नेते."

मामाजींनी हातातली सुपारी खाली ठेवली. "उद्या कोनता वार हाय?"

"बुधवार."

"मंग नाही."

"नाही म्हंजे?"

"बुधवारी आपल्यात बहीन धाडत नाहीत. जाशील बुधी त येशील कधी. तुले मालूम नाही का?"

मालूम तर मला होतंच. माझी आईसुद्धा मला कधी बुधवारी पाठवत नसे. पण मतदानाचं काम, साहेबांची दुसरी फेरी, शाळेतलं बंद झालेलं दार, सगळं मी मामाजींना उलटून पालटून सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी परत म्हणाले, "गुरुवारी घेऊन जाय."

मी म्हटलं, "मामाजी, पुढच्या आठवड्यात मतदान आहे ते बी बुधवारीच आहे. मग तुमी जानार नाही का?"

"मी कोठी जाऊन राह्यलो? इथल्या शाळेत जाईन अन् इथंच परत येईन. थे काही सासर नोहे."

आतून त्यांची सून हसली. मलाही हसू येत होतं, पण मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं. ते खाली पाहत म्हणाले, "सुनबाई, बाई माह्याहून मोठी हाय. मी बी आता पिकलं पान. दर वर्षी जाते तवा मले वाटते, हे शेवटचं का काय. अन् तू म्हनते बुधवारी धाड. धाडली अन् काही झालं, त मी का म्हनू? मतदानापायी धाडली म्हनू?"

म्हातारा काही वाराला भीत नव्हता. कशाला भीत होता ते समजायला मला काही वेळ लागला नाही, माझंही वय आता तसंच झालंय.

सासूबाई इतका वेळ आतल्या दाराशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाप्पू, मंग आज धाड."

"आज? आज मंगळवार चालते. पन गाडी कोठी हाय?"

"गाडी नाही त नाही. पाय हायत. समोर धाड."

मामाजींना कळलं नाही. मलाही नाही. त्या म्हणाल्या, "आपल्या मायनं नाही का केलतं? मामाच्या गावी जायचं होतं अन् दिवस वाईट निघाला, त आदल्या दिवशी गाठोडं शेजारच्या घरी ठेवलतं. पस्थान. मंग दुसऱ्या दिवशी ततून गेली. थे आदल्या दिवशीच निघाली असं झालं ना? तू मले आत्ता ओटी भर अन् वाटेला लाव. मी रातभर समोरच्या घरी राह्यते. उद्या ततून जाईन. तू बुधवारी धाडलीच नाही."

जुन्या लोकांना हे प्रस्थान ठेवणं माहीत असेल. चांगल्या वारी गाठोडं घराबाहेर काढून ठेवायचं, मग प्रत्यक्ष निघायचं कधीही. पण गाठोड्याबरोबर माणूसही जाऊन झोपलंय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मामाजींनी बराच विचार केला. मग सुनेला हाक मारली, "नारळ आन वो."

दिवेलागणीला सासूबाईंची ओटी भरली. मामाजींनी पाया पडून घेतलं, डोळे पुसले, फाटकापर्यंत आले. आणि त्या निघाल्या. म्हणजे माझा हात धरून गल्ली ओलांडली, वीसेक पावलं असतील. समोर बंजाऱ्यांचं घर. त्या घरची बाई दारातच उभी, सगळा तमाशा पाहत. "आव याडी," म्हणत तिने सासूबाईंना आत घेतलं आणि आपली खाट दिली. याडी म्हणजे त्यांच्यात आई.

आम्ही टेकतो न टेकतो तोच मामाजी घोंगडी खांद्यावर टाकून त्याच घराच्या ओट्यावर हजर. सासूबाई म्हणाल्या, "आता कायले आला? आत्ताच त रडून धाडलं."

"मी तुह्याकडं नाही आलो. मी शेजाऱ्याकडं आलो."

आणि दोघं बहीण-भाऊ जेवणवेळेपर्यंत तिथेच गप्पा मारत बसले.

बुधवारी सकाळी मामाजींचा मुलगा पिकअप घेऊन समोरच्या दारी आला. मामाजी आपल्या घरातून बाहेरच आले नाहीत. निरोप दिला तर बुधवारी पाठवल्यासारखं होईल ना. खिडकीतून मात्र हात दिसला. सासूबाईंनीही तिकडे न पाहिल्यासारखं करून हात हलवला.

पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मधे सासूबाई. मागे गाडीत कापसाचे पुंजके चिकटलेले, ते वाऱ्याने उडत होते. वाटेत दिग्रसच्या अलीकडे मी म्हटलं, "दोन घास खाऊन घ्या, सुनेनं पोळ्या बांधून दिल्या." तर नाही. मत दिल्याशिवाय खात नाहीत. मला जरा रागच आला. रात्रीची झोप नव्हती, कंबर भरून आलेली. मी म्हटलं, "आत्याबाई, एवढा जीव काढून का होते वो एका मतानं? तुमच्या एकीनं कोन येनार अन् कोन जानार?"

त्या समोर रस्त्याकडे पाहतच बोलल्या.

"माह्या लग्नात मले कोनं पुसलं नाही. बापानं पोरगा पाह्यला. इथं आली त वावरात काय पेराचं थे सासऱ्यानं ठरवलं. मंग तुह्या सासऱ्यानं, मंग तुह्या नवऱ्यानं, आता तुहा पोरगा ठरवते. भाजी कोनती कराची थे पहिले सासू ठरवे, मंग तू, आता तुही सून. एक सरकारच हाय, थे पुसते, बाई, तुले काय वाटते? म्हनून सांगा लागते. कोनी पुसलं अन् आपन तोंडच नाही उघडलं, त पुढच्या खेपी कायले पुसन?"

भाजीचं ऐकून मला हसू आलं होतं. पुढचं ऐकून नाही आलं. मामाजींचा मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "आत्या, भाजी कोनती पाह्यजे थे आता फोन करून सांगतो वहिनीच्या सुनेले."

"वांगे नको म्हना. रोडग्यासंगं लय झाले."

दारव्ह्याच्या पुढे चौकी लागली. निवडणुकीत गाड्या तपासतात ना, तशी. पोलिसाने हात दाखवला. "कुठे चालले?"

सासूबाईंनी आधीच उत्तर दिलं. "मत द्यायले."

पोलिसाने आमच्याकडे पाहिलं. "आजी, मतदान तर पुढच्या आठवड्यात आहे."

"तुमचं असन. माह्यं आज हाय."

झालं. आता त्याला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय, नाहीतर ही गाडी काहीतरी भानगडीची आहे. "खाली उतरा," म्हणाला. गाठोडं सोडायला लावलं. आत लुगडं, ओटीचा नारळ, अनारसे, सीताफळं आणि एक भोपळा. भोपळा त्याने उचलून हलवूनसुद्धा पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "काय पाह्यतं बाबू, त्यात बिया हायत."

मी हात जोडून सगळं सांगितलं, मॅडमचा नंबर लावून दिला. मॅडम तिकडून काय बोलल्या कोण जाणे, पोलिसाचा चेहराच बदलला. घाईघाईने गाठोडं बांधायला लागला, गाठ काही त्याला जमेना. "जा आजी, जा लवकर," म्हणाला आणि पुढच्या दोन गाड्या थांबवून आमची गाडी काढून दिली.

तोवर माझ्या सुनेचे फोन सुरू झाले होते. पहिला, "आई, साहेब आले. चहा नाही घेत म्हणतात, पाणी घेतलं." मग दुसरा, "आई, ते गावात दुसऱ्या आजोबांकडे गेले, परत येतो म्हणाले. पण मग लगेच निघणार, पुढे अजून दोन गावं आहेत." यवतमाळ ओलांडलं आणि तिसरा आला, "आई, आले परत. घड्याळ पाहून राह्यले." त्यानंतर फोनच लागेना. मी पुन्हा पुन्हा नंबर लावत होते. सासूबाई मात्र डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असं मला वाटलं. पाहिलं तर ओठ हलत होते.

गावात शिरलो तर साहेबांची गाडी तोंड फिरवून उभी, इंजिन चालू. आणि गाडीच्या अगदी पुढे, रस्त्याच्या मधोमध आमच्या अंगणवाडीच्या मॅडम पदर खोचून उभ्या. ड्रायव्हर म्हणत होता, "मॅडम, बाजूला व्हा ना." त्या म्हणत होत्या, "होते ना, चप्पल तुटली माझी, जरा दम धरा." चप्पल चांगली धडधाकट होती.

मामाजींच्या मुलाने असा हॉर्न वाजवला की झाडावरची वांदरं पळाली.

साहेब उतरला. "आजी, कुठे होता तुम्ही?"

"भावाकडं. तुमाले बहीन हाय का?"

"आहे."

"मंग कायले पुसता?"

तो हसला आणि हातातला कागद पुन्हा उघडला. आम्ही सासूबाईंना दोन्हीकडून धरून ओसरीत आणलं. स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा मांडला, कागद आणि पेन दिला. साहेब म्हणाला, "आता सगळे अंगणात चला." सून, मी, मामाजींचा मुलगा, सगळे बाहेर. पोलीस दारात रेंगाळला तर आतून आवाज आला, "तू बी तिकडं पाह्य रे बाबू."

किती वेळ गेला मला माहीत नाही. लहान लेकराला पहिल्या दिवशी शाळेत सोडून फाटकाशी उभं राहावं तशी मी उभी. मग हाक आली, "साहेब! आवाज नाही आला."

साहेब आत गेला. "कसला आवाज आजी?"

"टूं वाजते ना, मत गेल्यावर. हे वाजलंच नाही."

"आजी, ते मशीनचं. हा कागद आहे. कागद वाजत नाही. मत तुमचं झालं."

"मंग गेलं हे समजाचं कसं?"

त्याने नीट समजावलं. कागद छोट्या पाकिटात, छोटं पाकीट मोठ्या पाकिटात, डिंक लावायचा, सही करायची, मग पेटीत. सगळं सासूबाईंच्या हातून करवून घेतलं. त्या चार अक्षरांची सही चार श्वासांनी झाली. पेटी पुढे धरली, त्यांनी पाकीट आत सोडलं आणि कान पेटीला लावला. आम्ही दारातून पाहत होतो. साहेबाने शूटिंगवाल्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि पेटी हळूच एका बाजूला कलती केली. आत पाकिटांची सळसळ झाली.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "आता गेलं."

सुनेने चहा परत पुढे केला, साहेबांनी परत नाही म्हटलं, पण मॅडमने घेतला आणि दोन घोटांत संपवला. गाडी निघाली तेव्हा सासूबाई ओसरीतून ओरडत होत्या, "सावकाश जा वो, पुढच्या गावची म्हातारी काही पळून जात नाही."

मग त्या जेवायला बसल्या. पोळी तुपात बुडवून खात होत्या, आणि मामाजींचा मुलगा समोर बसून विचारत होता, "आत्या, आता त सांग. कोनाले देलं?"

"तुह्या बापाले नाही सांगतलं, तुले सांगीन?"

"एवढी गाडी चालवली मी!"

"म्हनून त पोळी भेटून राह्यली."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि थांबेचना. सून म्हणाली, "आई, बसा ना आता." मी खांबाला टेकून खाली बसले, पाय लांब केले, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी ओसरीत चपला घालूनच फिरत होते.